साल काढलेलं चीज

१८ डिसेंबर, गुरुवार

मेलो! ताई येतेय. दाजींना घेऊन. सव्वीस तारखेला, दुपारी.

फोनवर तिचं एकच पालुपद — "कधीपासून म्हणतेय, माझ्या भावाच्या हातचं खायचंय. आता वर्षअखेरची सुट्टी आहे, येतोच." मी म्हटलं, "या ना!" इतक्या मोठ्यानं म्हटलं की माझं मलाच खोटं वाटलं.

भावाच्या हातचं! भावाचे हात सध्या कोपरापर्यंत साबणात आहेत. मी या हॉटेलात भांडी घासतो. सात महिने झाले. ताईला मात्र आचारी आहे म्हणून सांगितलंय. ठरवून नाही सांगितलं. तिनं विचारलं, "कामाला कुठं असतोस?" मी म्हटलं, "किचनमध्ये." ती म्हणाली, "अय्या, स्वयंपाक करतोस?" आणि मी हो म्हणून बसलो. एका 'हो'मध्ये आचारी झालो. लोकांना वर्षं लागतात.

१९ डिसेंबर

सकाळपासून दोन बशा फोडल्या. लक्षच नाही.

ताईचं काही वाटत नाही. ती हसेल, रडेल, माझ्या पाठीत एक धपाटा घालेल, झालं. धास्ती आहे ती दाजींची. त्यांनी मला आजवर चार ठिकाणी चिकटवलं — गॅरेज, कापडाचं दुकान, पिठाची गिरणी, छापखाना. चारही ठिकाणांहून मी सटकलो. सहावीत शाळेतून सटकलो तसाच. म्हणून त्यांनी माझं नाव भिंगरी ठेवलंय. घरी गेलो की पहिला घास तोंडात जायच्या आत — "काय भिंगरी, थांबलास का कुठं?"

माणूस वाईट नाही. मोज्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवसभर लोकांवर नजर ठेवायची सवय, घरी आल्यावर तीच नजर आमच्यावर. त्या नजरेसमोर एकदा ताठ मानेनं उभं राहायचंय. आचारी म्हणून. एकदाच. बाकी मला काही नको.

२० डिसेंबर

वस्तादांना सगळं सांगून टाकलं. वस्ताद म्हणजे इथले खरे आचारी. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. उलट विचारात पडले, ते जास्त वाईट.

"तुला येतं काय?"
"काही नाही."
"चहा?"
"उतू जातो."
"अंडं?"
"फुटतं."
"अरे, फोडायचंच असतं ते!" मग डोकं खाजवून म्हणाले, "मग चीज. त्याला पर्याय नाही."

हे चीज म्हणजे सुट्टीतल्या पाहुण्यांसाठीचं. लोक प्रवासानं गारठून येतात. बॅगा खाली ठेवायच्या आत काहीतरी गरम पुढ्यात यायला हवं, असा मालकीणबाईंचा नियम. मऊ चीजचा तळहाताएवढा गोल गड्डा घ्यायचा. वर फुलीसारख्या दोन चिरा. त्यात मध. वरून अक्रोडाचा चुरा. ओव्हनमध्ये पाव तास. आतलं सगळं वितळतं. भाजलेल्या पावाचे तुकडे त्यात बुडवून खायचं.

मी म्हटलं, "यात करायचं काय असतं?"

"काहीच नाही. म्हणून तर तुला सांगतोय."

२१ डिसेंबर

आज वस्तादांनी नऊ गड्डे भाजले. मी नळाशी उभा राहून मान लांब करून बघत होतो. मान अवघडली. वस्तादांची पाठ तेवढी नीट दिसली.

२३ डिसेंबर

मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून ऐकून घेतलं.

"तीन ते चार किचन रिकामं असतं. एक गड्डा घे. पण दुपारची भांडी आधी. आणि असलं नाटक माझ्या किचनमध्ये पहिलं आणि शेवटचं."

मी "हो, हो" करत निघालो तर मागून हाक — "अरे थांब. यात मी काय करायचं? तुला काय म्हणू — सर?"

बाई इतक्या गमतीच्या आहेत हे सात महिन्यांत कळलं नव्हतं. मी त्यांना फक्त "काच नीट विसळ" म्हणताना ऐकलंय.

२५ डिसेंबर

तालीम. तासभर वस्ताद माझ्या हाताखालचे आणि मी त्यांचा साहेब. त्यांची टोपी मी घातली. कानांवरून खाली येते. नाकावर अडकली म्हणून राहिली.

वस्ताद हात बांधून उभे. "साहेब, कांदा चिरू?"
"चिर."
"चिर काय, चिर? मी बापाच्या वयाचा आहे! चिरा म्हण, गाढवा!"
"चिरा, गाढवा."
पळी फेकून मारली. लागली. पळी मीच घासली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सगळं लिहून ठेवतो.

दुपारची भांडी अडीचलाच संपवली. वस्ताद तोंड धुऊन येतो म्हणाले. म्हटलं, तोवर आपण सुरुवात करून त्यांना चकित करू. गड्डा काढला, कागद सोडवला — बघतो तर अंगभर पांढरी साल! रोज ताटांत उरते तीच. पाहुणे आतलं खातात आणि साल सोडतात. मी ती सात महिने खरवडून कचऱ्यात टाकतोय. म्हटलं, ताईला कचरा कशाला वाढायचा? घेतली सुरी. वरून, खालून, कडेनं, कुठं म्हणून पांढरं ठेवलं नाही. माझ्या हातून वस्तू जाते ती लख्ख होऊनच. गड्डा न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुळगुळीत निघाला. चिरा दिल्या, मध, अक्रोड. ओव्हनमध्ये.

तेवढ्यात आले.

ताईनं दारातच मिठी मारली. "केवढी रे टोपी! मोठे आचारी मोठी घालतात का?" दाजी नेहमीसारखे हात मागे बांधून किचनभर फिरले. फळीवरून बोट फिरवलं. पातेलं उचलून उजेडात धरलं. "भांडी मात्र लख्ख आहेत हो!"

तोंडातून "थँक्यू" निघतच होतं. जीभ चावली.

वस्ताद आले, वाकून उभे राहिले. "साहेब, पाव भाजायला घेऊ?" मी म्हटलं, "घ्या." ताई माझ्याकडे अशी बघत होती की मला त्या क्षणी खरोखर वाटलं, आपण आचारी आहोत.

मग वास आला. मग चर्र चर्र आवाज. ओव्हन उघडला तर गड्डा गायब! ट्रेभर पिवळं तळं. अक्रोड तरंगतायत. एका कोपऱ्यातून धार खाली गळतेय आणि तिचा धूर.

वस्तादांनी ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ओट्यावरच्या सालींच्या ढिगाकडे. चेहरा लालभडक. पण करतात काय — हाताखालचे ना!

"साहेबांनी साल काढली वाटतं?"
"हो."
"सगळी?"
"सगळी."
"फार छान, साहेब."

इतकी सणसणीत शिवी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

मग ताईकडे वळून अगदी गोड आवाजात — "त्याचं काय आहे ताई, साल हेच त्या चीजचं भांडं. खाल्ली नाही तरी चालते, पण भाजताना ती हवी. साल नसली की आतलं धरून ठेवायला काही नाही. आता साहेबांची पद्धत निराळी. काय साहेब, पुढं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजींची एक भुवई वर.

भांडं! डोक्यात एवढा एकच शब्द अडकला. आणि भांडी म्हणाल तर या किचनमधलं एकूण एक मला माहीत आहे. वस्तादांनाही नाही एवढं. खालच्या फळीवर, अगदी मागं, मातीच्या सहा छोट्या वाट्या आहेत. कोणी वापरत नाही. धूळ बसते म्हणून दर आठवड्याला मी धुतो. त्या ओढून काढल्या. करपलेली पातेली खरवडायचा माझा चपटा पत्रा घेतला आणि ट्रेवरचं चीज चिकटायच्या आत सपासप वाट्यांत भरलं. चिकटलेलं सोडवणं हे तर माझं रोजचंच! वर थोडा मध, उरलेले अक्रोड, परत पाच मिनिटं आत.

बाहेर काढल्या तेव्हा सहाही वाट्या बुडबुडत होत्या.

ताईनं पाव बुडवला, वर ओढला तर तार निघाली नाकापर्यंत. "अगंबाई!" म्हणून हसत सुटली. दाजींनी एक वाटी संपवली. दुसरी संपवली. तिसरीचा तळ पावानं पुसून घेतला. मग म्हणाले, "जरा जळका वास येतोय," आणि चौथी ओढली.

मालकीणबाई दारातून डोकावल्या. "सर, सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हटलं. टोपी डोळ्यांवर आली होती, ते एका अर्थी बरंच झालं.

दोघं खोलीवर आराम करायला गेली आणि दार लागलं तसे वस्ताद सुटले. पाव तास. गाढवापासून सुरुवात केली, जवळजवळ सगळी जनावरं झाली. मी तेवढ्या वेळात ट्रे घासून पुसून जागेवर ठेवला.

२७ डिसेंबर

सकाळी किचनमागं रिकामे क्रेट रचत होतो. दाजी एकटेच आले. एका क्रेटवर बसले. मग —

"भिंगरी, भांडी घासायला लागून किती महिने झाले?"

क्रेट पायावर पडला.

"आचाऱ्याच्या हातांवर चटके असतात. तुझी बोटं बघ, मनुका झाल्यात. आणि तो माणूस 'फार छान, साहेब' म्हणाला ना, ते ऐकून तर खात्रीच झाली. अरे, हाताखालचा माणूस साहेबाला इतकं तोंडावर बोलत नाही. मी वीस वर्षं हाताखालची माणसं बघितलीत."

मी मान खाली घातली. आता भिंगरीवर एक व्याख्यान होणार. झालंच नाही. वर बघितलं तर त्यांचीही मान खालीच.

"कारखाना बंद झाला. सप्टेंबरातच. तुझ्या ताईला माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतो. चार स्टॉप पुढं जाऊन उतरतो, तिथंच बाकावर बसून खातो, वेळ झाली की परत. इथं यायचंही माझंच टुमणं होतं. ताईला पुढं केलं. म्हटलं, भिंगरी सात महिने टिकलीय म्हणजे जागा बरी असणार. इथं मला काही मिळेल का रे?"

"दाजी, इथं नुसती भांडी आहेत."

"मग भांडी."

यांच्यासमोर ताठ मानेनं उभं राहायचं म्हणून एवढा खटाटोप केला. ते मला काम मागत होते आणि माझ्याच्यानं त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मी परत क्रेट रचायला लागलो. ते उठले आणि दुसऱ्या बाजूनं धरायला लागले.

जाताना हात पुढं केला. "ताईला सांगायचं नाही. शपथ घे." घेतली. माझं त्यांनी झाकायचं, त्यांचं मी झाकायचं.

२८ डिसेंबर

ताई गेली. तिचं शिवणाचं काम खोळंबलंय. दाजी "चार दिवस हवापालट करतो" म्हणून राहिले. बसमधून तिनं मला सांगितलं, "यांना नीट खाऊ घाल हं, अलीकडे बारीक झालेत." बस गेली तरी दाजी हात हलवत उभे.

मालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "गर्दी आहे, दुसरा माणूस हवाच होता. पण हेही नाटक आहे का?" म्हटलं, नाही.

२९ डिसेंबर

दाजींचा पहिला दिवस. पंधरा मिनिटांत नुसतं एक पातेलं झालं. बाकी वेळ माझी भांडी तपासत होते. "इथं डाग राहिला. हे परत."

"दाजी, बघून भांडी निघत नाहीत. हात घाला."

मी हे दाजींना म्हणालो! खरंच म्हणालो! त्यांनी हात घातला.

वस्तादांनी दुपारी मला ओव्हनजवळ बोलावलं. नऊ गड्डे समोर. "हात लावशील?" "लावतो." "आणि साल?" मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. तरी लक्ष ठेवून होतेच.

३१ डिसेंबर

चोवीस गड्डे. एकही फुटला नाही. दाजींच्या बोटांच्याही मनुका झाल्या. मला दाखवल्या, जरा मिरवूनच.

२ जानेवारी

ताईचा फोन. "सुट्टी संपली ना रे? कारखाना उघडला असेल. हे अजून तिथंच कसे?"

सांगून टाकलं. आधी माझं, मग त्यांचं. शपथ मोडली.

पलीकडचं शिवणाचं मशीन थांबलं. मग — "दोघांनीही तिथून हलायचं नाही. मी निघालेय."

दाजींना सांगितलंय. एकच पातेलं तिसऱ्यांदा घासतायत.