कुलूप लावून लिहिलेला लेख

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून लेख. ग्रंथपालांच्या त्रैमासिकाने विषय दिलाय, 'वाचकाभिमुख ग्रंथालय'. महिनाअखेर पोचला पाहिजे. राज्यभरातले ग्रंथपाल वाचतील. पौडला येऊन दीड वर्ष झालं, तरी इथले लोक अजून 'पंतांचं वाचनालय' म्हणतात. आधीचे ग्रंथपाल बंडोपंत. वारले. हयातीत एक ओळ लिहिली नाही. रोज दुपारी दारात बसून मोठ्याने पेपर वाचायचे, एवढंच. याला ग्रंथालयशास्त्र म्हणत नाहीत. लेख आला की नाव बदलेल.

४ नोव्हेंबर
लिहिणं अशक्य. सतत वाचक येतात. समोरच्या झेरॉक्सवाल्या फहमिदाला कादंबरी हवी, हैबतरावांना पेपरमधलं कोडं. वाचकांच्या गर्दीत वाचकाभिमुख लिहिता येत नाही.
उपाय सापडला. दुपारी, म्हणजे वाचनालयाच्या वेळेतच, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप, मागच्या दाराने मी आत. काही दिवसांचाच प्रश्न आहे.

७ नोव्हेंबर
'लेखक-परिचय' पूर्ण. दीड पान. लेख सोमवारी नक्की.

१० नोव्हेंबर, दुपार
पहिला परिच्छेद झाला! वाक्याचा तोल कानालाच कळतो, म्हणून खड्या आवाजात वाचला. 'वाचक हा ग्रंथालयाचा केंद्रबिंदू असून...' इथे थांबलो आणि कोणीतरी खोकलं.
खोलीत कोणी नाही. पंतांची खुर्ची रिकामी. म्हटलं, जुनं लाकूड आहे, वाजतं.
(रात्री, भुकूमला घरी.) लाकूड खोकत नाही, हे आत्ता जेवताना सुचलं.

११ नोव्हेंबर
मी विज्ञानवादी माणूस. एम.लिब. तोच परिच्छेद पुन्हा वाचला. थांबलो. खोकला. मग दाराकडून, अगदी हळू: फुडं?
मागच्या दाराने बाहेर पडलो. चपला आतच राहिल्या. स्टँडपर्यंत अनवाणी गेलो. बसमध्ये शेजारचा पायांकडे बघत होता, त्याला निसर्गोपचार चालू आहेत असं सांगितलं.

१२ नोव्हेंबर
चिंतनासाठी रजा. क्षितिजा म्हणाली, लेख मरू दे, वाचनालय उघडतोस का तू? लेखकाच्या बायकोने असं बोलू नये. वर तिने मला भाजी आणायला पाठवलं.

१४ नोव्हेंबर
हिंमत करून गेलो. पुढच्या उंबऱ्यावर फोडलेला नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती. कामाची दखल घेतली जातेय तर! अंगात बळ आलं. परिच्छेद पुन्हा वाचला. खोकला. फुडं? पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. तोच पुन्हा वाचला. बाहेरून एक लांब उसासा आला.

१७ नोव्हेंबर
संपादकांचा फोन. लेखासोबत फोटो हवा, वाचकांनी गजबजलेल्या वाचनालयाचा. म्हटलं, त्यात काय, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

१८ नोव्हेंबर
फोटोसाठी माणसं गोळा करायला फहमिदाच्या दुकानात गेलो. ती मान हलवून म्हणाली, कोन येनार सर, दुपारचं तितं पंत वाचत्यात. दाराला भायेरून कुलूप, आन् आतून आवाज. लोक पलीकडच्या कडंनं जात्यात. हैबतरावांनी नारळ बी फोडला, तरी आवाज जाईना.
आणि तुम्ही कुठे असता, हे तिने विचारलं नाही. मी नोकरी सोडून गेलो असं सगळ्यांना वाटतंय म्हणे.
एकटे कोंडिबा पायरीवर येऊन बसतात. त्यांची नजर गेलीय. पंत रोज पेपर वाचायचे ते त्यांच्यासाठीच. त्यांना भीती नाही. म्हणतात, वाचनारा जित्ता हाय का मेलाय, मला काय करायचंय. तक्रार एकच. जित्तेपनी पंत लई ग्वाड वाचायचे, मेल्यापासनं काय बी कळंना, तेच तेच वाचत्यात.
गावाच्या अंधश्रद्धेला मनसोक्त हसलो. स्टँडवर पोचल्यावर हसू थांबलं. वाचत तर मी होतो.
म्हणजे तो खोकला कोंडिबांचा. आणि माझा लेख फक्त त्यांनीच ऐकलाय, पुन्हा पुन्हा. वाईट वाटलं. आधी लेखाचं, मग म्हाताऱ्याचं.

२० नोव्हेंबर
आज खरं सांगायचं ठरवलं. भाषण पाठ केलं. पुढचं दार उघडलं. कोंडिबांनी मान वळवून विचारलं, कोन? म्हटलं, ग्रंथपाल. ते म्हणाले, त्यो तर कवाच गेला सोडून. तुमी कोन बी असा, हळू बोला, पंतांची येळ झालीया.
आणि पायरीवर सरकून बसले. कान दाराकडे.
दार ओढलं, कुलूप लावलं, मागून आत गेलो. पहिल्यांदाच पंतांच्या खुर्चीत बसलो. लेख बाहेर काढला, परत पिशवीत घातला. पेपर उघडला. तांदळाचा भाव, हवामान, निधन-वार्ता. खोकला. फुडं? पुढे वाचलं.
हा अपवाद आहे. लेख उद्यापासून.

२५ नोव्हेंबर
पेपर वाचण्यात दुपार जाते. गवताच्या गंजीत बिबट्या दिसल्याची बातमी कोंडिबांनी दोनदा वाचायला लावली. खुर्चीत बसलं की आवाज आपोआप खाली येतो. माझा वाटत नाही. मध्ये खोकला आला, तो बाहेरचा नव्हता. माझाच होता.

२७ नोव्हेंबर
संपादकांना फोटो पाठवला, पायरीवर कोंडिबा, मागे दार. त्यांनी विचारलं, वाचनालय बंद पडलंय का?

२९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या रविवार, म्हणजे आजचीच मुदत. लेख एक परिच्छेद. परिचय दीड पान.
दुपारी वाचून संपवलं, तसे कोंडिबा उठले; दाराच्या फटीतून दिसलं. धोतर झटकलं. हात चाचपत कुलपावर ठेवला आणि दाराला म्हणाले, आज बरं वाचलंत, पंत. मधी काय झालतं तुमाला कुनास ठाऊक.
नोकरीत मिळालेली पहिली शाबासकी. तीही दुसऱ्याच्या नावाने, मेलेल्याच्या. वाचत होतो तो मी, असं आतून ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग ते सोमवारी आले नसते.
मी खोकलो, पंतांसारखा. ते समाधानाने निघून गेले.

लेख पुढच्या अंकासाठी. सोमवारी कुलूप आठवणीने लावायचं.