एकशे पंचाण्णवचा थर्मोस्टॅट

प्रिय डेल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, मधेच तीनदा उठून खिडकीशी जाऊन आले. बाबांनी भर जानेवारीत गॅरेज उघडलंय. चौसष्ट सालची ती शेवरलेट पहिल्या बर्फाआधी ताडपत्रीखाली जाते आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, पत्रा खाणारं मीठ वसंतातल्या पावसानं धुऊन नेल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि आता म्हणे ते ती घेऊन लांब जाणार आहेत, एकटेच. ऐंशी पार केलेला माणूस, त्यात परवाच हृदयाचं दुखणं येऊन गेलेलं. वाटेत काही झालं तर, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नाही. कुठे जायचंय विचारलं, तर पाना शोधायला लागतात.

सगळं अडलं होतं थर्मोस्टॅटवर, इंजिनाचं तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या त्या झडपेवर. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गाडी रांगत न्यावी लागते, म्हणून त्यांनी जन्मभर एकशे साठ अंश फॅरनहाइटचाच बसवला. तो लवकर उघडतो, इंजिन तापत नाही. पण मग हीटरही तापत नाही. सप्टेंबरात चर्चहून येताना आई मांडीवर गोधडी घेऊन बसायची आणि म्हणायची, यापेक्षा आपला फ्रीज बरा. आता त्यांनी एकशे ऐंशीचा आणला, माझ्या सुपाच्या पातेल्यात पाणी तापवून, तापमापक घालून तो कधी उघडतो ते पाहिलं. शेजारचा रॉजर कॉफी पीत चिडवत होता. "अर्विड, मिठात घालतोस गाडी? दारं सडून हातात येतील."

"सडू देत," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हे तेच बाबा, डेल. तू तुझ्या मैत्रिणीला, जोनला, नाचाला न्यायला हिवाळ्यात गाडी काढलीस, तेव्हा म्हणाले होते, मीठ लागलेली गाडी आणि तू, दोन्ही माझ्या दारात नकोत. गाडी त्यांनी धुऊन आत घेतली. तू गेलास तो गेलासच. मला दोघांचाही राग येतो, अजून येतो.

एकशे ऐंशीचा बसवून त्यांनी इंजिन चालू केलं आणि बूट काढून बसले, पण चालकाच्या जागी नाही, शेजारच्या सीटवर. पाय गारच राहतात म्हणाले. काल एकशे पंचाण्णवचा बसवला, गार वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला आणि पुन्हा तिथेच मोजे घालून बसले. या वेळी मान डोलावली. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाले, ती जागा रिकामी हवी. मग माझ्याकडे न बघता तुझ्या डुलुथच्या घराचा नंबर विचारला. रविवारी चर्च सुटलं की ते निघणार आहेत. घरी थांब. माफी त्यांना मागता येणार नाही, ते रस्त्याबद्दल आणि थंडीबद्दल बोलतील. बोलू दे. हीटर कसा चालतो ते विचार आणि शेजारी जाऊन बस.

खिडकीशी उभी असलेली,
तुझीच बहीण,
मार्लीस