मरियममॅडमच्या आईचे ओठ

३ नोव्हें., सोम.
सुधीर, आमचा नवरोबा, पहाटेच कंपनीच्या बसने सित्र्याला गेला. मी माहूजला, चित्रं दुरुस्तीच्या वर्कशॉपात. नवं काम: मरियममॅडमच्या आईचं चित्र, दोन महायुद्धांच्या मधलं. काढणारी कुणी परदेशी बाई. चित्रं काढायची, जुनी दुरुस्तही करायची, असं मॅडम सांगतात. पुरुषाला जनान्यात कोण शिरू देणार? म्हणून तर बाईकडून काढून घेतलं. ओलीने ओठांचा रंग पार उडालाय. मॅडम इथल्याच, आखाती अरब, ऐंशीच्या; आमच्याशी हिंदीत बोलतात. आई गेली तेव्हा तीन वर्षांच्या. फोटो एकही नाही. "बस, चेहरा देखना है," म्हणाल्या.

६ नोव्हें., गुरु.
आमचा नियम साधा. पुरावा नाही तिथे सपाट रंग भरायचा, आपली अक्कल पाजळायची नाही. भरला. चेहरा मुका दिसतो. दुपारभर खिडकीतून पिवळट उजेड, आणि चित्रातली ती तरुण मुलगी माझ्याकडे बघतेय. काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी. मीही बघत बसले, चहा गार.

९ नोव्हें., रवि.
करून बसले. मूर्ख कुठली! भानावर आले तर ओठ रंगवून झालेले, डावीकडे जरा वर, हसू दाबल्यासारखे. बारा वर्षं दुसऱ्यांचीच चित्रं दुरुस्त करतेय, स्वतःचं म्हणून एवढंच काढलं. इतकं बरं वाटलं की लाज वाटली. पुसता येणारा रंग आहे. उद्या पुसते.

१० नोव्हें., सोम.
पुसायच्या आत मॅडम हजर. बघितलं नि खुर्ची ओढून चित्रासमोर बसल्या. "माँ हँसती थी." रडल्या.
सुधीर म्हणतो, "म्हातारी खूश ना? मग खलास. गप बस."
कशी बसू गप?

१३ नोव्हें., गुरु.
सांगितलं एकदाचं. "मॅडम, ये मुँह मैंने बनाया. नीचे कुछ नहीं है."
मॅडम चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "किसका है?"
तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. "मेरी माँ का."
"है वो?"
"है. गाँव में, चिपळूण में."
"फोन लगा."
व्हिडिओ लावला. आईचे हात पिठाचे. "अगं बाई, या कोण?" लाजून पदर तोंडाला. मॅडमनी खुणेनेच सांगितलं, काढ. आईने काढला. हसली, डावीकडून. दोघी नुसत्या बघत राहिल्या. मला तिथे उभं राहवेना.
मॅडम निघाल्या तेव्हा दारापर्यंत गेले. ओठ पुसू का, विचारलं.
"आज नहीं," म्हणाल्या.