हनुवटीखालचे केस

आई, परवा सकाळी दहा वाजता तू आमच्या बाथरूममध्ये बसली होतीस. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. मी पेपरातल्या माझ्या सदरात भुताखेतांची टर उडवते, लोक हसतात, त्यामुळे हे कोणाजवळ बोलायची सोय नाही. तुलाच सांगते.

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये बाबांची फॅक्टरीची बस गेली की तू स्वयंपाकघराचं दार लावायचीस. मी नऊ वर्षांची असेन, फटीतून बघते आहे. तू पाटावर भिंतीकडे तोंड करून बसली आहेस, आरसा मांडीवर आडवा, हनुवटीखालचं दिसावं म्हणून. हातात बाबांचं रेझर. ते स्टीलच्या गिलासावर तीनदा टकटक आपटतेस, थांबतेस, मग आणखी एकदा. दोन दिवसांनी तिथे लाल पुटकुळ्या उठायच्या आणि कातडीखाली वळून बसलेला केस काळ्या टिंबासारखा दिसायचा. शेजारणींना तू सांगायचीस, उन्हाळा बाधला. जानेवारीतसुद्धा. प्रत्येक फोटोत तुझा हात हनुवटीवर. नातेवाईक म्हणायचे, बाई किती विचारी आहे! एकदा मी सेफ्टी पिन घेऊन मदतीला आले, तर हातावर फटका बसला. ‘‘खोदू नोको! पिकते मंग, डाग राह्यते जलमभर. महिनाभर रेझर लावाचंच नाही, गरम कपड्यानं शेकाचं. केस आपल्या मनानं वर येते.’’ मग माझा कान धरून म्हणालीस, ‘‘कोणाले सांगशील तं याद राख. तुह्या बापाले बी नाही.’’ मी शपथ घेतली. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, पण हे राहिलं.

तुझी नात पंधराची आहे. तिने तुला पाहिलेलं नाही. माझ्या हनुवटीला देवाने केस दिले नाहीत, म्हणजे घरात तिला हे कोणी शिकवायचाही प्रश्न नव्हता. सोमवारपासून पोटदुखीचं निमित्त करून घरी होती, गळ्याभोवती स्टोल गुंडाळून. परवा बाथरूमवरून जाताना मला आवाज आला. तीनदा टकटक. थांबून एकदा. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पालथ्या बादलीवर, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर आडवा आरसा घेऊन ती बसली होती. मी तिच्या खांद्यावरून आरशात डोकावले. लाल, सुजलेली हनुवटी दिसली, आणि ती पोरीची नव्हती. तुझी होती. त्या हनुवटीच्या वर दोन डोळे माझ्याकडे बघत होते, फटीतून बघणाऱ्या पोरीकडे बघावं तसे. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण हात आपोआप कानावर गेला.

तिच्या हातात पिन होती, टोकाला रक्त.

‘‘खोदू नोको!’’ मी ओरडले. आवाज माझा नव्हता.

‘‘मम्मी, कोणासारखी बोलून राहिली तू?’’

मी पिन काढून घेतली, कोमट पाण्यात रुमाल पिळून तिच्या हनुवटीवर धरला. तशी ती रडायला लागली. ‘‘वर्गातले पोरं मला भाऊ म्हणतात. मी शाळेत जाणारच नाही आता. डॉक्टरकडे पण नाही. मी एकटीच अशी काहून आहे?’’

तेवढ्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते तुझं होतं. म्हणाले, ‘‘एकटी नाहीस. तुझ्या आजीलाही होती दाढी.’’

‘‘खरंच? किती?’’

‘‘तुझ्यापेक्षा जास्त.’’

रुमालाखाली ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मग मी सगळंच सांगितलं, बस, बंद दार, आरसा. ‘‘आणि रेझर गिलासावर आपटायची, तू आत्ता आपटलंस ना, तसंच.’’

‘‘मी कुठं आपटलं? गिलास कुठं आहे इथं?’’

नव्हता. प्लास्टिकचा मग होता, तोही कोरडा.

उद्या ती शाळेत जाणार आहे. त्वचेच्या डॉक्टरकडेही यायला तयार झाली, फक्त ‘‘तिथं आजीचं नको सांगू’’ म्हणते. हे पत्र मी कुठे टाकणार, कपाटातच राहील. तुझं गुपित फोडलं, ते एक. दुसरं असं, की सांगताना माझी पाठ दाराकडे होती आणि तिथे कोणीतरी उभं आहे असं शेवटपर्यंत वाटत होतं. मी वळून पाहिलं नाही. दारात कोणीच नसतं, तर ते मला सोसलं नसतं.