बोटीवरचा राँग नंबर

अण्णा, मी समुद्र पाहून आले. तुम्ही उभं आयुष्य पैठणच्या गाडीवर कंडक्टरकी केली, तुमचा समुद्र म्हणजे नाथसागर, तोही धरणाच्या भिंतीवरून बघितलेला. मी मात्र विमानानं थेट अंदमानला जाऊन आले, बँकेतल्या मैत्रिणीबरोबर. तिला तुम्ही ओळखत नाही. तुम्ही गेल्यावर ती आमच्या शाखेत बदलून आली आणि तेव्हापासून आम्ही दुपारी एकमेकींच्या डब्यात जेवतोय. ती बामणाची, मी आपल्यातली. यावरून आमच्यात कधी शब्द झाला नाही. उलट तिच्या सासूला वांग्याचं भरीत लागायचं ते माझ्याच हातचं. पोरी मार्गी लागल्या, नवऱ्यांना म्हटलं तुमचं तुम्ही बघा, आणि एका बेटावर दोघीच जाऊन राहिलो. शिंपले वेचले, गुडघाभर पाण्यात उभं राहून उगीच हसलो. ते सगळं लई छान झालं. लाज वाटावी असं जे झालं, ते परत येताना झालं.

बेटावरून पोर्ट ब्लेअरला यायला मोठी बोट असते, आत एसटीसारख्या ओळीनं खुर्च्या. बोट हलायला लागली तशी मला मळमळायला लागलं. मागच्या ओळीतल्या बाईंनी ते ओळखलं आणि आवळा सुपारीची डबी पुढं केली. मराठी ऐकून त्या खूश. "कुठल्या तुम्ही?" मैत्रीण म्हणाली, संभाजीनगरच्या. तर त्या पण आपल्याच गावच्या निघाल्या, क्रांती चौकाजवळ घर, नवरा रिटायर झालेला, चेहऱ्यानं गरीब माणूस. हजार मैल लांब गाववाले भेटले की कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग आपल्याकडचा ठरलेला प्रश्न आलाच. आडनाव काय? मैत्रिणीनं तिचं सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला, म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे आपल्यातल्याच की. आणि या? बहिणी का तुम्ही दोघी?"

मैत्रीण काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हो. मावसबहिणी."

कुणी जबरदस्ती केली नव्हती, अण्णा. त्या बाईंनी माझं आडनाव अजून विचारलंही नव्हतं. मळमळत होतं म्हणून झालं असं मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिलं, पण मळमळीनं कुणाची जात बदलत नाही. मला फक्त त्यांचं हसू तसंच राहायला हवं होतं. मग पुढचा तासभर मी त्यांच्या हसण्यात बसून होते. लेकीचं स्थळ, चैत्रातलं हळदीकुंकू, आपल्यात हे असं असतं, आपल्यात ते तसं असतं, आणि प्रत्येक "आपल्यात"ला मी मान हलवतेय. मैत्रीण खिडकीकडं तोंड करून बसलेली.

मला आपलं मुकुंदवाडीचं स्वयंपाकघर आठवतं. रविवार आहे, तुमची सुट्टी आहे, आणि तुम्ही नाश्त्याला सुशीला करताय. चुरमुरे भिजवून पिळायचं काम माझं, फोडणी तुमची, आईला त्या दिवशी चुलीजवळ मज्जाव. काका दारात बसून सांगतायत की पोरगी आता कॉलेजात जातेय, आडनाव बदलून घ्या, आजकाल सगळेच घेतात, पुढं नोकरीत त्रास नको. मलाही आतून ते हवंच आहे. तुम्ही कढईवरून नजर न काढता म्हणता, "बदल ना. सही करतो मी. फक्त घरी येताना ते नवं नाव चपलेसारखं दाराबाहेर काढून येत जा. आत आम्ही जुनेच राहतो." काका हसले. मला राग आला, पण मी नाव बदललं नाही. आणि खरं सांगते, त्याचा मला पुढं जन्मभर ताठा होता. बँकेत टेबलावर पाटी लावली ती पूर्ण आडनावाची. एका साहेबानं माझ्या हातचा चहा नाकारला, तेव्हा सगळ्यांदेखत त्याला कारण विचारलं मी. जिथं नाव जड जायचं तिथं कधी खाली ठेवलं नाही. आणि जिथं कुणी काही हिसकावून घेणार नव्हतं, तिथं एका आवळा सुपारीपायी टाकून दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुम्हाला त्रास दिला नसता. पोर्ट ब्लेअर जवळ आलं, फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. पुण्याहून लेक. तुमची ही नात तुम्ही पाहिली नाहीत, तिनंही तुम्हाला पाहिलं नाही, पण तुमच्या गोष्टी तिनं माझ्याकडून शंभरदा ऐकल्यात. थांब्यावर माणसं "जयभीम मास्तर" म्हणून हाक मारायची आणि तुम्ही चालत्या गाडीच्या दारातून सगळ्या बसला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचे, ही तर तिची लाडकी. म्हणून ती फोनवर कधी हॅलो म्हणत नाही. ऑफिसात असो, रस्त्यात असो. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावलेला होता.

"जयभीम मम्मी! निघालीस का गं?"

दोन्ही ओळींना ऐकू गेलं. मागून बाईंनी विचारलं, "कोण हो?" मी म्हणाले, "काय माहीत, राँग नंबर." आणि कट केला. म्हणाले आधी, कट केला नंतर.

राँग नंबर मला मम्मी म्हणाला होता, अण्णा. सगळ्यांना कळलं. बाईंचे यजमान घाईघाईनं म्हणाले, "इथं नेटवर्कचं काही खरं नाही हो." मला वाचवायला बघत होते बिचारे. उतरताना बाईंनी माझी पिशवी धरली, माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "आमच्या शेजारी पण जयभीमवाले आहेत. लई चांगली माणसं." त्या वेळी पायाखालचा धक्का फाटला असता तर बरं झालं असतं.

मैत्रीण विमानतळावर बॅग घेऊन पुढं पुढं चालत होती. तिथं मी म्हटलं, चुकलं माझं. तर म्हणाली, "त्या बाईचं सोड. तू मला बहीण का केलंस? एवढ्या वर्षांची मैत्रीण म्हणून मी पुरत नव्हते का तुला?" तिचे डोळे भरलेले. मला वाटत होतं, मी फक्त माझंच काहीतरी लपवलंय.

पडेगावला घरी पोचल्यावर लेकीला मेसेज टाकला, सुखरूप आले, बोटीत रेंज गेली होती. तिनं अंगठा पाठवला.

काल सकाळी तिचा फोन आला. पाणी आलं का, बीपीची गोळी घेतली का, फोटो कधी पाठवतेस. बोटीचं काहीच विचारलं नाही तिनं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी भराभर शिंपल्यांचं सांगत सुटले. फोन ठेवून गॅसपाशी आले तेव्हा ध्यानात आलं. ती "हॅलो मम्मी" म्हणाली होती. आणि मीही "हॅलो बेटा" म्हणाले होते.

तेव्हाच तिला परत फोन लावायला पाहिजे होता. अजून लावलेला नाही. तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही मला काही विचारू शकत नाही.