संध्याकाळचा मल्लप्पा

अक्कलकोट, ९-२-१९७६

चि. मल्लप्पास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. राग असा आलाय की आशीर्वादसुद्धा दात-ओठ खाऊन लिहितेय.

तम्मा, अरे धाकट्या भावा, तुझ्या विजयमालाची सोयरीक मी जमवत आणली आणि परवा संध्याकाळी मुलाकडच्या पंगतीत तू काय अवतार दाखवलास! जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, भाकरी टाकून उठलास. नवरा मुलगा शिवयोगी समोर उभा आणि तू नमस्कार केलास शेजारच्या खांबाला! त्याची आई अक्कम्माबाई सरळ म्हणाल्या, पिणाऱ्याची पोर आम्हाला नको. आपल्या लिंगायताच्या घरात दारू? खरं काय ते कळव.

तरीही तुझीच,
शिवबाई

सोलापूर, १२-२-१९७६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि. पत्र सकाळी लिहितोय, कारण सकाळी मी अगदी भला माणूस असतो.

सिद्धेश्वराची शपथ, त्या दिवशी ताकाशिवाय काही प्यायलो नाही. सकाळी दुकानात चादरींचे गठ्ठे एकटा उचलतो. दिवस कलला की पापण्या उघड्या राहत नाहीत, कडक भाकरी चावताना जबडाच थांबतो, बोलणं नाकातून येतं, एकाचे दोन दिसतात. दोन शिवयोगींतला मी चुकीचा निवडला, एवढाच माझा गुन्हा. तूही दोन दिसत होतीस. एका अक्कापुढं माझी बोबडी वळते, दोन म्हटल्यावर काय होणार की! डॉक्टर सकाळी तपासतात, काही नाही म्हणतात आणि टॉनिक देतात.

विजयमाला चहा आणून ठेवते आणि माझ्याकडं न बघता आत जाते. ते मला सोसत नाही.

माया आटू देऊ नकोस,
मल्लप्पा

अक्कलकोट, १५-२-१९७६

चि. मल्लप्पास,
अनेक आशीर्वाद. तू खोटी शपथ घेणारा नव्हेस, मानलं. पण लई शहाणा की रे! आजार संध्याकाळी येतो तर डॉक्टरकडं सकाळी कशाला जातोस? दिवेलागणीला मोठ्या डॉक्टरकडं जा. पिशवीतून कडक भाकरी ने आणि त्यांच्यासमोर खा.

ऐकलं नाहीस तर मी येते,
अक्का

सोलापूर, ४-३-१९७६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. भाकरी पाहून डॉक्टर हसले. अर्ध्या भाकरीतच माझा जबडा थांबला, तेव्हा त्यांचं हसूही थांबलं. दंडात इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात पापण्या आपोआप उघडल्या. तुझी भावजय तिथंच रडायला लागली.

मग छातीचा फोटो काढला. हाडामागं गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, तिच्यापायी शरीराचे राखणदार बिथरलेत आणि आपल्याच माणसांवर धावून जातायत, म्हणून ही कमजोरी. गाठ कॅन्सरची असू शकते. मुंबईला ऑपरेशन ठरलंय.

थट्टा बाजूला ठेवतो, अक्का. मला भीती वाटते. पोरीचं लग्न बघायचंय.

आठवण ठेव,
मल्लप्पा

अक्कलकोट, ८-३-१९७६

चि. मल्लप्पास,
उदंड आयुष्याचे आशीर्वाद. मुंबईला मी सोबत येणार, नको म्हणू नकोस. तुझं पत्र अक्कम्माबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, न विचारता मी माणसाला नावं ठेवली. त्यांना बरे होऊन येऊ द्या, साखरपुड्याची वेळ त्यांनीच सांगावी.

धीर सोडू नकोस, राजा.
अक्का

सोलापूर, २२-५-१९७६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. गाठ कॅन्सरचीच होती, पण वेष्टणासकट अख्खी निघाली, असा रिपोर्ट आला. तपासणीला जात राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. काल शेंगाचटणीबरोबर अख्खी कडक भाकरी खाल्ली. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत बसलं होतं.

हे पत्र दिवे लागल्यावर लिहितोय. देवापुढं दिवा एकच आहे आणि एकच दिसतोय. तूही आता एकच दिसशील. मला तेवढी पुरे.

अक्कम्माबाईंना सांग, साखरपुडा दिवेलागणीलाच धरा.

तुझा, संध्याकाळीसुद्धा भला,
मल्लप्पा