ती एकटी खाली गेली आहे

आई, ती खाली गेलीये. एकटी. मनगटावरचं ते घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं, चपला अडकवल्या आणि "येते गं" म्हणून लिफ्टमध्ये शिरली. मी दाराशी उभी राहून "सावकाश जा, गाड्या बघ, कुणी काही खायला दिलं तर" एवढं म्हणेपर्यंत लिफ्टचं दार मिटलंसुद्धा. रविवार असूनही तिचे बाबा ड्युटीवर आहेत, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत. गॅलरीत जाऊन उभं राहायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय, कारण गॅलरीतून फक्त गेट दिसतं, गेटच्या पलीकडे काही दिसत नाही, म्हणजे जिवाला नुसता घोर. फोन हातात घेतला तर माझ्याच्याने राहवणार नाही, कुणाला तरी लावेन. म्हणून ओट्याजवळ स्टूल ओढून तुला लिहायला बसलेय. हात गुंतलेले बरे. तिच्या जन्माआधीच तू गेलीस, तुझ्या नातीला तू फोटोतच माहीत. पण हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर मला वेड्यात काढतील. तूही काढलं असतंस, पण तुझं मी ऐकून घेतलं असतं.

गेलीये कुठे, तर मांजरीची पिल्लं बघायला. आमच्या टॉवरच्या मागे लूमची, त्या खडखडणाऱ्या यंत्रमागांची, एक गल्ली अजून शिल्लक आहे. बाकी सगळं पाडून गोदामं झाली, इमारती झाल्या, तू आलीस तर तुला आपली चाळ कुठे होती तेही सापडायचं नाही. त्या गल्लीत एका कारखान्याच्या दाराशी सुताच्या वेस्टेजचं पोतं पडलेलं असतं, त्यात मांजर व्यालीये. तिच्या वर्गातली एक मैत्रीण तिथेच राहते. गेटबाहेर पडायचं, भिंतीच्या कडेने वळसा घालायचा, की आली गल्ली. नाकासुद्धा ओलांडायचा नाही. हसतेयस ना? हस. पाचवीतली घोडी आणि आईचा जीव टांगणीला! तिच्या वयाची असताना मी वऱ्हाळा तलावापर्यंत जाऊन यायचे आणि तुला विचारायचेसुद्धा नाही.

म्हणजे तू मला मोकाट सोडली होतीस असं नाही. परवा हे मी ऑफिसात सांगत होते. गोदामाच्या ऑफिसात बसते मी, कुठलं पार्सल कुठे पोचलं ते दिवसभर स्क्रीनवर बघत. तिथल्या पोरींना खरंच वाटेना. म्हटलं, अगं, आमच्या गल्लीत आयांना हाक मारताच यायची नाही. दोन्ही बाजूंना लूम, शुक्रवार सोडला तर दिवसरात्र खडखडाट, कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. कारखान्यातली माणसं एकमेकांशी हातांनी आणि ओठांनीच बोलायची. मग आयांनीही तेच उचललं. प्रत्येक पोराची एक खूण. शेजारच्या बाळ्याची, म्हणजे आम्ही सगळे त्याला बाळ्याच म्हणायचो, नाक वर ओढायचं, कारण त्याचं नाक बारा महिने वाहायचं. आणि माझी खूण म्हणजे फुगवलेला गाल. मी सदानकदा फुरंगटून बसलेली असायचे म्हणून. तू सुताच्या कांड्या भरता भरता मशीनवरून उठून दारात येतेस, गाल फुगवतेस. समोरच्या कारखान्यातला दाढीवाला चाचा ते बघतो, बाहेर डोकं काढून पुढच्याला गाल फुगवून दाखवतो, तो त्याच्या पुढच्याला. आणि मी गल्लीच्या पार टोकाला लगोरी मांडून बसलेली, अचानक बघते तर एक लुंगीवाला बाप्या माझ्याकडे तोंड करून गाल फुगवतोय. की निघाले घरी. माझं नावसुद्धा त्यातल्या कितीतरी जणांना माहीत नव्हतं. पण मी कुणाची, ते सगळ्यांना माहीत होतं.

आणि ते अकलोलीचं आठवतं का? मे महिन्याची सुट्टी, शुक्रवार, लूम बंद. चाळीतली थोरली ताई म्हणाली, चला कुंडावर. आम्ही पोरं निघालो की एसटीने! भर उन्हाळ्यात गरम पाण्यात डुंबायला, अक्कल बघ. कंडक्टरने विचारलं, "कोणाची रे पोरं तुम्ही?" ताई ठसक्यात म्हणाली, "भिवंडीची." त्याने मान हलवली, जणू सगळी भिवंडी त्याच्या नात्यातली. परत यायला दिवेलागण झाली. तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस. मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी, आता पाठीत धपाटा बसणार म्हणून अंग चोरून. तू वर न बघताच म्हणालीस, "सांगून का न्हाय गेलीस?" मी नखाने चौकट कोरत राहिले. "सांगून गेली असतीस तं भाकर बांधून दिली असती. आता उपाशी मेलीस का न्हाय?" आणि ताट पुढे सरकवलंस. एवढंच रागावलीस. मी आज त्या जागी असते तर अख्खं पोलीस ठाणं उभं केलं असतं.

पण सगळं सोन्यासारखं होतं असंही मी म्हणणार नाही, उगाच गोडगोड कशाला बोलू. मागच्या गल्लीत सुताच्या गोदामात एक माणूस असायचा. त्याच्या समोरून एकटीने जायचं नाही, हे मोठ्या मुलींनी आम्हाला सांगितलं होतं, आम्ही आमच्याहून लहानांना सांगितलं. आयांना कुणी सांगितलं नाही. का नाही सांगितलं कुणास ठाऊक. आम्हाला वाटायचं, ही पोरींची आपापसातली गोष्ट आहे. मला त्याने कधी काही केलं नाही, पण त्याच्या दारावरून पळत जाताना छातीत व्हायची ती धडधड मला आजही जशीच्या तशी आठवते. आता माझी मुलगी गेटबाहेर पडते तेव्हा मला चाचा आठवत नाही, बघ. तो माणूसच आठवतो.

म्हणून तर मागच्या रविवारी जे झालं ते झालं. शाळेला कार्डशीट हवं होतं. तिचे बाबा म्हणाले, "जाऊ दे ना तिला एकदा, दुकान तर समोर आहे." पाठवली. मनगटावर घड्याळ, त्यात ती कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं, ठिपका असतो एक. ठिपका दुकानापर्यंत गेला, तिथून निघाला, आणि भलतीकडेच वळून थांबला. थांबला तो थांबलाच. मी घड्याळावर फोन लावला, उचलेना. परत लावला. मग गाऊनवर ओढणी टाकली आणि धावले. खाली वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "कौनसी लड़की, मॅडम? इधर तो दिनभर बच्चे आते-जाते हैं." त्याच्या डोक्यावर कॅमेऱ्याचे सगळे चौकोन चालू, आणि याला पत्ता नाही! ठिपक्याच्या मागे मागे त्या गल्लीत शिरले. लूमचा तोच खडखडाट. आणि कारखान्याच्या दाराशी माझी पोर उकिडवी बसलेली, शेजारी एक म्हातारा, लुंगी-बनियनमधला, दाढीत सुताची कुसं, हाताच्या ओंजळीत मांजरीचं पिल्लू धरून तिला दाखवतोय. त्याने तिला हातही लावलेला नव्हता, आई. हातभर लांब बसला होता. पण मला पोतं दिसलं नाही, पिल्लू दिसलं नाही. मी ओरडले, "कौन हो तुम? दूर हटो मेरी बच्ची से!" त्याला ऐकूच गेलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि पिल्लू जरा वर धरून मलाही दाखवलं. मी आणखी ओरडले. आतून दोघंतिघं लूम बंद करून बाहेर आले, आणि आवाज थांबल्यावर त्याला माझे शब्द ऐकू आले. मी तेव्हाही थांबले नाही, तेच परत म्हणाले. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. त्याने पिल्लू पोत्यात ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि आत निघून गेला. मग मी पोरीच्या थोबाडीत दिली, भर गल्लीत.

रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "ते आजोबा मला सांगत होते, हात नको लावू, मांजर चावेल." आणि त्यानंतर खाली उतरणंच बंद. व्हॅनमधून शाळेत, व्हॅनमधून घरी. पोरं खालून हाका मारायची, ही पडदा ओढून घ्यायची. कचऱ्याची बादली बाहेर ठेव म्हटलं तर आधी दाराच्या भिंगातून बघायची. एकदा शेजारी वाटी द्यायला पाठवत होते, तर मला विचारते, "मम्मी, पॅसेजमध्ये कोणी काका असतील तर?" हे तिला कुणी शिकवलं? शाळेने नाही, टीव्हीने नाही. मी, त्या गल्लीत, घसा फोडून शिकवलं. तिचे बाबा फारसं बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "घे. आता कुठेच जाणार नाही ती. झालं तुझं समाधान?" मी भांडले त्यांच्याशी. भांडायला काही मुद्दा नव्हता, तरी भांडले.

आणि आज जेवण झाल्यावर मैत्रिणीचा फोन आला, पिल्लांनी डोळे उघडलेत म्हणून. ही किती तरी वेळ दाराशी उभी. चप्पल घालते, काढते. मग घड्याळ काढलं. म्हणाली, "हे नाही घालणार मी. हे वाजतं आणि तू येतेस." तरी मी म्हटलं, जा. कसं म्हटलं देव जाणे, आपल्या घरात देवाचं नाव तू घेऊ द्यायची नाहीस, तरी म्हणते, देव जाणे.

बेल वाजली म्हणून धावले. कुरिअरवाला. बिचाऱ्याच्या हातातून पाकीट अक्षरशः ओढून घेतलं.

आता संध्याकाळसाठी लावलेली डाळही करपली. टेम्पो रिव्हर्स घेताना तो जो आवाज करतात ना, तो खालून येतोय आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, मागे कुणी उभं नाही ना. गटारावरची झाकणं, नाक्यावरची कुत्री, तो म्हातारा. त्याची मी माफीही मागितलेली नाही, आणि पोर त्याच्याच दाराशी गेलीये. त्याने हाकलून दिलं तर? द्यावंच त्याने, मी असते तर दिलं असतं. आई, तुला वाटायची का गं भीती? मी इतकी वर्षं धरून चालले की नाही. तुझं आपलं कांडी भरणं चालू, मान खाली, पोरगी आहे कुठेतरी. पण आता लिहिता लिहिता एक आठवलं. तू गाल फुगवून निरोप पाठवायचीस, मी खेळ टाकून धापा टाकत यायचे, "काय गं?" आणि तू म्हणायचीस, "काय न्हाय. जा." इतकी चिडायचे मी! दिवसातून कितीदा करायचीस हे. मला वाटायचं, विसरली असेल काम. तू काही विसरायची नाहीस, आई. तुला फक्त मला बघायचं असायचं. बघून झालं की तू मला परत सोडायचीस. बोलावणं मलाही जमतं गं. ते "जा" जमत नाही.

आली. मध्ये लिहायचं थांबले होते, कारण ती आली. केसांत कुसं, कोपरावर ओरखडा, तोंड अखंड चालू. एका पिल्लाचे डोळे निळे आहेत, एक नुसतंच झोपतं. मैत्रिणीच्या आईने खिचडी खायला घातली. आणि आजोबांनी विचारलं म्हणे, "मम्मी को बोल के आई है ना?" हिने हो सांगितलं, तेव्हाच त्यांनी पोत्याजवळ येऊ दिलं. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "कसली?" मी विचारलं, "मध्येच घरी यावंसं नाही वाटलं?" "नाही गं," म्हणाली आणि बाटली तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायली.

हा कागद मी फाडूनच टाकणार आहे, म्हणून लिहिते. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी दाराला कान लावून उभी होते, आणि मला वाटलं, ती रडत यावी. जास्त नाही, थोडीशी. कुणी तरी ओरडलेलं असावं तिला. म्हणजे मी तिला जवळ घेतलं असतं, बघ मी सांगत होते ना म्हटलं असतं, आणि उद्यापासून सगळं पुन्हा माझ्या मनासारखं. ती हसत आली आणि मला आनंद व्हायच्या आधी वाईट वाटलं. तुझंही असं व्हायचं का, हे विचारायचं होतं. आता ती आतून ओरडून विचारतेय, उद्या शाळा सुटल्यावर पुन्हा जाऊ का. उठते आणि हो म्हणते. अजून थोडा वेळ बसले, तर नाही म्हणेन.